गॅस बंद केला का?

पावणेआठची_लोकल

काल पुन्हा गाडी चुकली. तीन मजले उतरून सोसायटीच्या फाटकाशी आले आणि डोक्यात आलं, शेगडीचं डावं बटण! परत वर. बटण बंद, रेग्युलेटर बंद. कुलूप लावून निम्मा जिना उतरले तर रेग्युलेटर मी खरंच बघितला की नुसता बघायचा म्हणून आत गेले, तेच आठवेना. पुन्हा वर. समोरचे काका दारातच होते. "काय गं, वजन कमी करत्येस का?"

डोंबिवलीत संसार करून बावीस वर्षं झाली. दूध शंभरदा उतू गेलंय, एकदा कुकर करपलाय, पण तेव्हा मी घरातच होते, फोनला चिकटून. बाहेर जाताना गॅस चालू राहिलाय असं एकदाही झालेलं नाही. तरी मन या बावीस वर्षांना काडीची किंमत देत नाही.

धागा काढायचं कारण म्हणजे याच विषयावरचा एक प्रयोग वाचनात आला. २००३ साली नेदरलँड्समध्ये मार्सेल फान डेन हाऊट आणि मेरेल किंट यांनी विद्यार्थ्यांना संगणकाच्या पडद्यावरची शेगडी दिली. बर्नर लावायचे, बंद करायचे आणि बंद झालेत ना ते तपासायचं. एका गटाने शेगडीच पुन्हापुन्हा तपासली, वीसेक वेळा. दुसऱ्या गटाने मधल्या वेळात दिवे तपासले. शेवटी सगळ्यांनी एकदा शेगडी बघितली आणि मग त्यांना त्या शेवटच्या वेळेबद्दल विचारलं. उत्तरं दोन्ही गटांची जवळपास सारखीच बरोबर आली. पण शेगडी वीसदा तपासणाऱ्यांना ती आठवण पुसट वाटत होती आणि तिच्यावर त्यांचा भरवसा राहिला नव्हता.

म्हणजे मी बावीस वर्षं उलटंच धरून चालले होते. मला वाटायचं, आठवत नाही म्हणून परत जाते. इथे तर परत जाते म्हणून आठवत नाही असं निघालं!

तुमच्याकडे काय काय चालतं? गॅस, नळ, कुलूप, इस्त्री, काहीही सांगा.

मेथीची_जुडी

इस्त्री. मी तर प्लगचा फोटो काढून ठेवते. मग ट्रेनमध्ये वाटतं, हा कालचा फोटो तर नाही?

सातारी_तात्या

आमच्या आईनं चुलीवर संसार केला. रात्री निखारा राखेखाली झाकला का, हे बघूनच ती पाठ टेकायची. त्याला कोणी मानसशास्त्र म्हणत नव्हतं, जबाबदारी म्हणत. घरात सिलिंडर आहे, तो बघितला तर बिघडलं कुठं? उद्या काही झालं तर तो नेदरलँडवाला येणार आहे का विझवायला?

पावणेआठची_लोकल

तात्या, एकदा बघायला ना कुठे आहे? आई एकदाच उठून बघायच्या ना? मी तीनदा बघते आणि तिसऱ्यांदाही पटत नाही.

फळा_आणि_खडू

अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवतो, त्यामुळे थोडं फळ्यावर लिहिल्यासारखं होईल. सांभाळून घ्या.

आमच्या पुस्तकात नकारात्मक प्रबलन नावाची संकल्पना आहे. दरवर्षी निम्मा वर्ग तिचा अर्थ 'शिक्षा' असा लिहितो आणि मार्क घालवतो. शिक्षेनं वर्तन कमी होतं, प्रबलनानं वाढतं. इथं 'नकारात्मक' एवढ्यासाठीच की काहीतरी नकोसं निघून जातं आणि त्या हायसं वाटण्यामुळं वर्तन पक्कं होतं. लग्नात नवा बूट चावत होता, पंगतीला बसताना काढला, जिवात जीव आला. पुढच्या लग्नात तुम्ही तो मांडवात शिरतानाच काढता.

आता लोकलताईंचा जिना बघा. त्या वर जातात तेव्हा गॅस आधीच बंद असतो. थांबते ती फक्त छातीतली धडधड. त्या सुटकेतून मेंदू शिकतो की वर जाऊन आलो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी धडधड फाटकाऐवजी दुसऱ्याच मजल्यावर सुरू होते.

यावरचा जुना प्रयोग कुत्र्यांवरचा आहे. आज कुणी करू देणार नाही आणि देऊही नये. १९५३ साली रिचर्ड सॉलोमन आणि सहकाऱ्यांनी दोन कप्प्यांची पेटी घेतली, मध्ये अडसर. इशारा मिळाला की दहा सेकंदांनी विजेचा झटका. कुत्री लवकरच शिकली, इशारा होताच पलीकडच्या कप्प्यात उडी. मग वीज कायमची बंद केली. कुत्री उड्या मारतच राहिली, काही तर शेकडो वेळा. झटका बंद झालाय हे त्यांना कळणार कसं? ते कळायला इशाऱ्यानंतर जागेवर थांबावं लागतं, आणि थांबत तर ती कधीच नव्हती. शेवटी मध्ये काच लावून उडी अडवली तेव्हा त्यांतली काही थांबली.

वर्गात हे सांगितलं की एक तरी पोरगं विचारतं, "सर, मग आपण कुठली उडी मारतोय?" त्या दिवशी पगार वसूल.

शंकासुर

प्रतिसाद आवडला, पण माझ्या नावाला जागतो.

एक, मानसशास्त्रातल्या प्रयोगांवर किती भिस्त ठेवायची? २०१५ मध्ये नामांकित नियतकालिकांत छापून आलेले शंभर प्रयोग पुन्हा करून बघितले, त्यातले छत्तीस टक्केच नीट टिकले. दोन, हे शब्द बाजारात आले की जो तो डॉक्टर होतो. आमच्या ऑफिसात एक मुलगी टेबलावर पेनं रांगेत लावते आणि कौतुकानं सांगते, "मला ना, ओसीडी आहे." (म्हणजे नकोसा विचार डोक्यातून जात नाही आणि त्यापायी तीच ती कृती पुन्हापुन्हा करावी लागते, तो आजार.) माझा साहेब मिटिंगमध्ये गप्प बसला की 'पॅसिव्ह अॅग्रेसिव्ह'. बायकोशी भांडण झालं की मी 'टॉक्सिक'. पूर्वी नुसता मूर्ख होतो तेच बरं होतं.

फळा_आणि_खडू

शंकासुर, पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य (छत्तीस नव्हे). मीही वर्गात ते सांगतो. पण शेगडीचा प्रयोग टिकलेल्यांपैकी आहे. पडद्यावरच्या शेगडीला काय अर्थ, असं काहींना वाटलं म्हणून २००६ मध्ये कॅनडात अॅडम रॅडोम्स्की आणि सहकाऱ्यांनी खऱ्या स्वयंपाकघरात खऱ्या शेगडीवर तो केला. निकाल तोच. पुन्हापुन्हा तपासलं की आठवणीवरचा विश्वास उडतो.

दुसऱ्या मुद्द्याबद्दल, पेनवाल्या मुलीला पेनं रांगेत लावून बरं वाटतं ना? मग तिची चिंता नको. ज्याला खरा त्रास असतो तो कौतुकानं सांगत नाही. बहुतेक वेळा सांगतच नाही.

मेथीची_जुडी

शेवटचं वाक्य वाचून बराच वेळ नुसती बसले होते. इथे कुणी मला ओळखत नाही, म्हणून लिहिते.

मुलगी दोन महिन्यांची होती. सातव्या मजल्यावर राहायचो. कोवळ्या उन्हात तिला घेऊन गॅलरीत उभी असताना डोळ्यांपुढे चित्र आलं की ती माझ्याच हातून खाली पडत्येय. मी टाकत्येय. हातपाय गार पडले. आत आले ते पुन्हा गॅलरीत गेलेच नाही, आठ महिने. कपडे वाळत घालायलाही नवऱ्याला पाठवायचे. मग सुरी बघून तसंच. आंघोळ घालताना तसंच, म्हणून बाळंतिणीच्या बाईंना दोन महिने जास्त ठेवून घेतलं. सगळे म्हणायचे, हिचे लाड आहेत.

आईला सांगणं शक्यच नव्हतं. आमच्याकडे "वास्तू तथास्तु म्हणत असते, शुभ बोल नाऱ्या" हे रोज कानांवर पडायचं. बोलणंच जिथे अशुभ तिथे असा विचार येणारी आई म्हणजे राक्षसीणच की! मी देवापुढे बसून तो विचार घालवायचा प्रयत्न करायचे आणि तो नेमका तिथेच यायचा.

मुलगी आता नऊ वर्षांची आहे. गॅलरीत क्रिकेट खेळते, काचा फोडते.

खिडकीपाशी

मेथीताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. मी समुपदेशक आहे, इथे सल्ला द्यायला येत नाही, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१९७८ मध्ये रॅकमन आणि डी सिल्वा यांनी कुठलाही आजार नसलेल्या लोकांना विचारलं, नकोसे, भयंकर विचार अचानक येतात का? सुमारे ऐंशी टक्के लोक हो म्हणाले. मग दोन्हीकडचे विचार कागदावर उतरवून तज्ज्ञांपुढे ठेवले. कुठला विचार रुग्णाचा आणि कुठला धडधाकट माणसाचा, हे त्यांनाही धड ओळखता येईना. २०१४ मध्ये तेरा देशांतल्या ७७७ विद्यार्थ्यांना हेच विचारलं तर जवळजवळ चौऱ्याण्णव टक्के हो म्हणाले. प्लॅटफॉर्मच्या कडेला उभं असताना 'उडी मारली तर?', देवळात शिवी आठवणं, बाळ हातातून पडणं. माणसाच्या मेंदूत हा कचरा येतोच.

फरक पडतो पुढच्या पायरीला. एकाच्या मनात विचार येतो, तो 'हॅट्' म्हणतो आणि भाजी निवडायला लागतो. दुसऱ्याला वाटतं, हा विचार आलाच कसा, म्हणजे मी तशीच असणार. विचार येणं आणि कृती करणं त्याच्या लेखी एकच होऊन बसतं. आपल्याकडची तथास्तु म्हणणारी वास्तू या समजुतीला आयतं खतपाणी घालते. आणि विचार घालवायला जावं तर काय होतं, हे तुम्ही देवापुढे बसून अनुभवलंच आहे.

एक भेद मात्र नीट सांगते. विचाराची किळस, भीती वाटते तोवर तो चिंतेतून येणारा त्रास आहे. पण बाळंतपणानंतर आवाज ऐकू येणं, कुणीतरी हुकूम देतंय असं वाटणं, झोप पूर्ण उडणं, तो विचार पटायला लागणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. तिथे धागे वाचत बसू नये.

सातारी_तात्या

आमच्या वैद्यबुवांची गोष्ट. औषध द्यायचे आणि बजावायचे, घेताना माकड आठवायचं नाही, नाहीतर गुण येणार नाही. आयुष्यात कधी माकडाची आठवण न काढणारा माणूस चमचा तोंडाशी नेला की माकडच बघायचा. गुण आला नाही तर बुवा मोकळे!

मेथीबाई, लेकीला आशीर्वाद. काचांचे पैसे बापाकडून घ्या.

शंकासुर

तात्या, तुमच्या बुवांचा प्रयोग १९८७ मध्ये अमेरिकेत डॅनियल वेग्नरनं केला, माकडाऐवजी पांढरं अस्वल घेऊन. पाच मिनिटं अस्वलाचा विचार करायचा नाही, आलाच तर घंटी वाजवायची. घंट्या वाजतच राहिल्या. नंतर 'आता खुशाल विचार करा' म्हटल्यावर तर या मंडळींना पहिल्यापासून मोकळीक असलेल्यांपेक्षा जास्त अस्वलं दिसली. बुवांनी पेटंट घ्यायला हवं होतं.

(मेथीची_जुडी, आधीचा प्रतिसाद जरा उडत लिहिला होता. तुमचं वाचल्यावर तो तसा लिहायला नको होता असं वाटलं.)

कडीकोयंडा

बरेच दिवस वाचनमात्र होतो. नाव का घेतलंय ते आज सांगतो.

मला ओसीडी आहे. आमच्या गावाकडे 'मंत्रचळ' म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही, पण आजोबांना होता आणि त्यांना तेच म्हणायचे. माझं कुलूप. लावायचं, ओढून बघायचं, चार पावलं जायचं, परत येऊन ओढायचं. सुरुवात तीनदानं झाली. शेवटी सकाळी पन्नास मिनिटं आणि रात्री झोपताना तेवढीच. नोकरी जायची वेळ आली. सगळ्यात मजेची गोष्ट म्हणजे (आता मजेची, तेव्हा नव्हती) ओढून ओढून कोयंड्याचे स्क्रू ढिले झाले. सुतार आला, म्हणाला, "साहेब, चोराचा प्रयत्न झालेला दिसतोय."

बायको बिचारी मदत करायची. मी फोन करायचो, "नीट लागलंय ना?" ती म्हणायची, "लागलंय." दोन मिनिटं शांतता. पुन्हा फोन. तिला वाटायचं, आपण आधार देतोय. मलाही तेच वाटायचं. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत दोघांना समोर बसवून सांगितलं की तिचं 'लागलंय' आणि तुमचं ओढून बघणं ही एकच गोळी आहे, फक्त वेष्टन वेगळं. फळासरांच्या कुत्र्यावरून हे आठवलं.

उपचार काय होते, तर एक औषध, ज्याचा गुण यायला अडीच महिने लागले (तोवर दोनदा बंद करून टाकावंसं वाटलं), आणि जोडीला शिडी. कागदावर सगळ्या भीत्या लिहायच्या, प्रत्येकीला शंभरपैकी मार्क द्यायचे. माळ्याचा दरवाजा न तपासणं वीस. कपाट पस्तीस. घराचं कुलूप एकदाच लावून गावाला जाणं शंभर. खालून एकेक पायरी चढायची. कुलूप लावायचं आणि परत न वळता जिन्यात बसून राहायचं. पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं घामाघूम होऊन बसलो होतो. शेजारचा मुलगा पाणी घेऊन आला. पण धडधड आपसूक उतरते, कुलूप न ओढता, हे वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा बघितलं.

बायकोचं उत्तरही ठरवून बदललं. मी विचारलं की तिनं म्हणायचं, "माहीत नाही बाई. उघडं असेलही." पहिले दोन आठवडे आमच्यात जी भांडणं झाली ती लग्नानंतरच्या बारा वर्षांत झाली नव्हती.

आज बरा आहे म्हणजे शंका येतच नाही असं नाही. येते, बसते, जाते.

परदेशी_पोळी

कडीकोयंडा, साष्टांग.

मी मेलबर्नला, बाबा पुण्यात एकटे. रोज त्यांनी सकाळी फुलाचा फोटो पाठवायचा अशी आमची पद्धत. नावाला सुप्रभात, खरं तर हजेरी. मागच्या महिन्यात अकरापर्यंत फूल नाही, निळ्या खुणा नाहीत. मी दोन शेजारी, एक मावशी आणि वॉचमनला कामाला लावलं. बाबा पर्वतीवर होते, फोन चार्जिंगला. परत आले तर दारात चार माणसं. इतके चिडले, की दोन दिवस फूलच आलं नाही.

आजी सांगायची, काका शिकायला कलकत्त्याला गेले तेव्हा पोचल्याचं पत्र आठवड्यानं आलं. आठवडाभर तिनं काय केलं असेल? स्वयंपाकच केला असेल. तिचा जीव माझ्यापेक्षा घट्ट होता असं नाही, तिला विचारायची सोयच नव्हती. माझ्या खिशात ती सोय चोवीस तास आहे आणि दर वेळी वापरली की पुढच्या वेळी अर्धा तास आधी लागते. हा धागा वाचेपर्यंत मी याला प्रेम म्हणत होते. प्रेम आहेच म्हणा. पण मधली पाच-सहा मिनिटांची सुटका पण आहे.

लोको_शेड

३४ वर्षं रेल्वेत काढली. आमच्याकडं सिग्नल दिसला की लोको पायलट आणि असिस्टंट दोघं मोठ्यानं एकमेकांना सांगतात. मनात म्हटलेलं चालत नाही. जपानी रेल्वेत याचं पार शास्त्र केलंय, बोट दाखवायचं आणि मोठ्यानं म्हणायचं. 'शिसा कांको' म्हणतात त्याला. १९९४ मध्ये तिथल्या संशोधन संस्थेनं मोजलं तर शंभर कामांमागे चुका २.३८ वरून ०.३८ वर आल्या. तुम्ही पण रेग्युलेटरकडं बोट करून "बंद!" म्हणा. एकदाच. मग आठवतं, कारण तोंडानं म्हटलेलं असतं.

पावणेआठची_लोकल

काका, आज केलं. सासूबाई आतून म्हणाल्या, "कोण बंद?"

कडीकोयंडा

लोको काका, नुसत्या विसरभोळेपणाला हे उत्तम औषध आहे. माझ्यासारख्यानं जपून वापरावं. मी हेच केलं होतं. "बंद" एकदा म्हणून पुरेना, मग तीनदा, मग सातदा, आणि मध्ये कुणी हाक मारली तर पहिल्यापासून. कशाचाही मंत्र होतो.

वाटसरू_७

वाचनखूण साठवली. प्रश्न: नुसती सवय कुठवर आणि डॉक्टर कधी, हे कसं ओळखायचं?

खिडकीपाशी

ढोबळ माप असं की दिवसातला एक तासाहून जास्त वेळ त्यात जात असेल, किंवा नोकरी, झोप, घरची नाती त्यापायी बिघडत असतील, तर दाखवावं. वेळ कमी जात असला तरी जीव मेटाकुटीला येत असेल तर दाखवावंच. कुणाकडे जावं कळत नसेल तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६. चोवीस तास, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आणखी एक. अल्बर्ट एलिस नावाचे मानसोपचारतज्ज्ञ म्हणत की माणसाचा बराचसा त्रास इच्छेची मागणी होते तेव्हा सुरू होतो. इंग्रजीत त्यासाठी त्यांना वेगळा शब्द लागला, आपलं काम एका 'च'वर भागतं. 'गॅस बंद असावा' ही इच्छा. 'गॅस बंद आहे याची मला आत्ता पूर्ण खात्री मिळालीच पाहिजे' हा हट्ट, आणि पूर्ण खात्री कुणालाच मिळत नाही. मी लोकांना घरी गेल्यावर फक्त 'च' मोजायला सांगते.

शंकासुर

माझे दिवसाला एकतीस झाले. त्यातले नऊ "मी म्हणतो तेच".

पावणेआठची_लोकल

तीन आठवड्यांनी धागा वर काढते.

गाड्या दोनच चुकल्या, त्यातली एक मेगाब्लॉकमुळे. फाटकापाशी ते अजून येतं. आता मी वर जात नाही, स्टेशनपर्यंत तसंच बरोबर घेऊन जाते. कोपर गेलं की बहुतेक वेळा गर्दीत ते कुठे पडतं कळत नाही. दोनदा मात्र दादरपर्यंत आलं होतं.

रविवारी सासूबाईंना घेऊन नाटकाला गेले. लिफ्टमध्ये त्यांनी विचारलंच, "गॅस बघितलास ना गं?" रोजच्यासारखं "हो हो" तोंडावर आलं होतं. म्हटलं, "असेल बंद, बहुतेक." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की पुढचं विचारू नका. पहिला अंक मी नाटक कमी आणि त्यांचा चेहरा जास्त बघितला. मध्यंतरात बटाटेवडा खाताना त्या अचानक थबकल्या. माझ्या पोटात गोळा.

म्हणाल्या, "अगं, मटकी भिजत घालायची राहिली."

खरंच राहिली होती.